फौजदाराची फेरी

डॉक्टरबाईंनी फौजदाराचा ओठ वर उचलून दात पाहिले. डोळ्यांत बॅटरीचा उजेड टाकला, मागचे पाय एकेक करून ताणले, वाकवले, मग छातीला नळी लावून बराच वेळ ऐकत बसल्या. मी त्याची मान धरून बसले होते. तपासणी कुत्र्याची चालली होती आणि धडधड माझ्या छातीत होती.

"वय?"

"पावणेदोन वरसं."

"नक्की?"

"माझ्या लग्नाएवढंच हाय त्याचं वय."

त्या हसल्या आणि कार्डावर लिहू लागल्या. मी मात्र खोटं बोलत नव्हते. माझी पाठवणी झाली तेव्हा आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आंदण म्हणून पाच मेंढ्या दिल्या आणि सगळ्यात शेवटी घोंगड्यात गुंडाळलेलं सहा आठवड्यांचं पिल्लू माझ्या ओटीत टाकलं. मेंढ्यांकडे कुणी पाहिलं नाही. माझे सासरे तायाप्पा गोरड यांनी पहिल्यांदा पिल्लाचा डावा कान पाहिला. तो पांढराशुभ्र होता, बाकी अंग काळं. सासरे म्हणाले, "पाव्हणं, पोरगी तर दिलीच, पर ह्यो दागिना दिला."

कारण आप्पांची, म्हणजे धुळा पुकळ्याची, कुत्री म्हणजे माणदेशात नाव होतं. आमच्या घरात कुणी साधा शिपाई झाला नाही, पण कुत्री सगळी अंमलदार. आधी सुभेदार, मग जमादार, आणि आता हा फौजदार. कुत्री व्याली की आप्पा पांढऱ्या कानाचं पिल्लू निवडून ठेवत, बाकीची वाटून टाकत. त्या पिल्लांची एक खूण होती. हाक मारली की ती इतर कुत्र्यांसारखी सरळ धावत येत नसत. जागच्या जागी थबकत, उजवीकडून एक पुरती गिरकी घेत, चारी अंगांना नजर टाकत आणि मग येत. आप्पा ऐटीत सांगत, "मेंढरं मोजल्याबिगर येत न्हाई आमचं कुत्रं." लोक त्याला पुकळ्याची फेरी म्हणत. ती बघायला म्हणून माणसं वाट वाकडी करून आमच्या तळावर येत आणि उगाच कुत्र्याला हाका मारत.

फौजदाराला मी वाढवलं. कोकरांच्या खुराड्यात कोकरांबरोबर झोपवलं, म्हणजे अंगाला मेंढराचा वास लागावा आणि मेंढरांना त्याचा. आंबील आणि शेळीचं दूध पाजलं. चार महिन्यांचा झाल्यावर कोकरांमागे पळायची खोड लागली, तेव्हा गळ्यात लाकडाचं लोढणं बांधलं आणि ते गुडघ्यांवर आपटून आपटून तो शहाणा होईपर्यंत सोडलं नाही. उजव्या कुशीवर झोपला की शेजारी भांडी आदळली तरी उठत नसे, आणि डाव्या कुशीवर झोपला की पालीच्या चुकचुकण्यानेही कान टवकारी. मी त्याला आळशी म्हणायचे, लाडाने. माझ्या माहेराहून आलेलं ते एकच जिवंत माणूस होतं, कुत्रं असलं म्हणून काय झालं.

सासऱ्यांनीच डॉक्टरबाईंना बोलावलं होतं. कुठली तरी संस्था धनगरी कुत्र्यांची नोंद करत होती. नर निरोगी निघाला तर त्याला कार्ड मिळायचं, आणि मग त्याची पिल्लं कोणीही डोळे मिटून घ्यायची. तीन वाड्यांनी, म्हणजे मेंढपाळांच्या तीन बिऱ्हाडांनी, आपापल्या कुत्र्या फौजदाराला दाखवायचं ठरवलं होतं. सासरे त्या दिवशी बाजाराला गेले होते, नवरा मेंढरांमागे. तळावर मी आणि आजारी सासूबाई.

डॉक्टर शबाना मुल्लाणी, वयाने माझ्याहून फार तर सहा-सात वर्षांनी मोठ्या. कार्ड जवळजवळ भरून झालं होतं. वजन सत्तावीस किलो, दात चांगले, डोळे चांगले, खुबे चांगले. त्या उठल्या आणि जाता जाता त्यांनी फौजदाराला मागून चुटकी वाजवली. तो थबकला, उजवीकडून गिरकी घेतली आणि मग त्यांच्याकडे पाहिलं. त्या पुन्हा खाली बसल्या.

"मायाक्काताई, हाक मारल्यावर हा नेहमी असा फिरतो?"

मी फुगले. सांगून टाकलं सगळं, सुभेदारापासून. मेंढरं मोजतो म्हणाले. त्या ऐकत होत्या, पण हसत नव्हत्या. त्यांनी मला घोंगडं आडवं धरायला सांगितलं, फौजदाराच्या पाठीमागे, पडद्यासारखं. पडद्याआडून त्यांनी डावीकडे किल्ल्या वाजवल्या. फौजदाराने उजवीकडे मान वळवली. उजवीकडे वाजवल्या, उजवीकडेच वळवली. पुन्हा डावीकडे, पुन्हा तेच. मग त्यांनी त्याच्या उजव्या कानात कापसाचा बोळा घातला आणि वर तळहात दाबून धरला, आणि डाव्या, पांढऱ्या कानाच्या मागे किल्ल्यांचा जुडगा जोरात खळखळवला. फौजदार समोर बघत राहिला. शेपूट हलत होती.

"तो मोजत नाही, ताई," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आवाज कुठून आला ते शोधतो. डाव्या कानानं त्याला जन्मापासून ऐकू येत नाही."

मी घोंगडं धरूनच उभी होते. त्यांनी समजावून सांगितलं. एका कानाने ऐकणाऱ्याला आवाज कळतो, दिशा कळत नाही. हे रक्तातून उतरतं, पांढऱ्या कानाबरोबर पुष्कळदा येतं. आणि आप्पांनी तीन पिढ्या नेमकी तीच पिल्लं निवडून ठेवली होती. कॉलेजात मोठं यंत्र आहे, तिथे नेऊन खात्री करता येईल, पण त्यांना शंका नव्हती. "काम करेल तो. जीव लावून करेल. पण एकटा ठेवू नका, जोडीला दोन्ही कानांनी ऐकणारं कुत्रं असू द्या. हाक मारण्यापेक्षा हात दाखवायची सवय लावा. आणि ह्याची पिल्लं घेऊ नका." मग कार्डावर तेच लिहून त्यांनी विचारलं, "सासऱ्यांना मी सांगू की तुम्ही सांगाल?"

"मी सांगते," मी म्हणाले.

ते कार्ड मी बाजरीच्या पोत्यात तळाशी खुपसलं.

का, ते सांगायला हवं. आप्पांकडे दुसरं काही नव्हतं. जमीन नाही, वाड्यात मान मोठा नाही, मुलगा नाही. होती ती कुत्री. आणि त्या कुत्र्यांची एक गोष्ट होती, जी आप्पा चार माणसं जमली की सांगायचेच. मी सहा वर्षांची असतानाची गोष्ट. माझा चुलता खंडू कोकरं राखत होता, जोडीला जमादार. भर दुपारी लांडग्याने चार कोकरं मारली. खंडूकाका म्हणाला, लांडगा ओढ्यातून आला, मी बोंब मारली, पण जमादार उलटा डोंगराकडे पळाला. आप्पांनी सगळ्या वाड्यासमोर त्याला विचारलं, जमादार डोंगराकडे पळाला तर लांडगा ओढ्यातून आला कसा? तू झोपला होतास, उठून बघतोस तर कोकरं मेलेली, म्हणून आता ओढ्याचं नाव सांगतोस. "कुत्रं खोटं बोलत न्हाई," या वाक्यावर आप्पांची गोष्ट संपायची. लोक माना डोलवायचे.

खंडूकाकाचं पुढे काय झालं ते त्या गोष्टीत नसायचं. मला मात्र दिसलेलं होतं. त्याने हातातली काठी आप्पांच्या पायाशी आडवी ठेवली, चुलतीला घेतलं आणि निघून गेला. जाताना मला खांद्यावर घ्यायचा तसं घेतलं नाही. नंतर कळलं, इचलकरंजीला एका सूतगिरणीत पहारेकरी झाला. चौदा वर्षं भावाभावांत बोलणं नव्हतं.

संध्याकाळी सासरे बाजारातून आले आणि टोपी काढायच्या आधी त्यांनी विचारलं, डॉक्टरीण काय म्हणाली. मी सांगितलं, वजन सत्तावीस किलो, दात चांगले, काळीज चांगलं. सगळं खरं होतं. कार्ड मागाहून पाठवणार आहेत, हे तेवढं खोटं. सासरे इतके खूष झाले की त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं, राणीला आता त्यांच्या बहिणीच्या वाड्यावर देऊन टाकायचं.

राणी ही आमची जुनी कुत्री, साधी तांबडी, बिननावाजलेली. माझ्या डोक्यात तेव्हा लख्ख उजेड पडला. फौजदार राणीकडे बघून धावत असे. तिने कान टवकारले की हा उठे, ती सुटली की हा तिला मागे टाकून पुढे जाई, आणि नाव ह्याचं होई. मी म्हणून पाहिलं, मामा, राणी राहू द्या की, म्हातारी झाली तरी उपयोगाची आहे. सासरे हसून म्हणाले, "एका ठाण्याला एक फौजदार पुरं झाला, सूनबाई." दुसऱ्या दिवशी राणी गेली.

त्यानंतरचे दिवस माझे कसे गेले ते माझं मला ठाऊक. भाकरी करपायला लागल्या. पाण्याला गेले की घागर अर्धी ठेवून परत यायचे, फौजदार कुठे आहे बघायला. नवरा कोकरं घेऊन निघाला की विचारायचे, आज कुठल्या अंगाला. नवऱ्याचं नाव बिरू. तेव्हा ते तोंडाने घेत नव्हते, आता कागदावर घ्यायला हरकत नाही. तो आपला चेष्टा करायचा, म्हणायचा मायाक्का, तुला कोकरांची काळजी का माझी ते एकदा ठरव. त्याला सांगावं असं दहादा मनात आलं. पण त्याच्या तोंडात तीळ भिजत नसे, दुपारी सांगितलं तर दिवस मावळायच्या आत सासऱ्यांना कळलं असतं. आणि सासऱ्यांना कळलं की तीन वाड्यांना कळणार, तीन वाड्यांना कळलं की सगळ्या माणदेशाला. धुळा पुकळ्यानं लेकीच्या आंदणात बहिरं कुत्रं दिलं. आप्पा बाजारात कुणाला तोंड दाखवणार? रोज सकाळी मी ठरवायचे, आज सांगायचं. मग फौजदार गिरकी घेऊन माझ्याकडे यायचा आणि माझा धीर सुटायचा.

अकराव्या दिवशी आप्पा आले. दसरा चार दिवसांवर होता. कुठल्या वाड्याला पिल्लं आधी द्यायची ते दोघा व्याह्यांनी बसून ठरवायचं, असा सासऱ्यांचा निरोप गेला होता. सकाळची न्याहरी झाली होती, ऊन चढत होतं. दोघं बाभळीखाली घोंगड्यावर बसले आणि मी चुलीवर चहा ठेवला. खाली, हाकेच्या टप्प्यावर, बिरू कोकरं चारत होता. त्याच्या डावीकडे ओढा होता, करंजीच्या झाडीने भरलेला. उजवीकडे खडकाळ टेकडी. फौजदार कोकरांच्या वरच्या अंगाला, आमच्या तळाकडे तोंड करून बसला होता, ओढा त्याच्या डाव्या कानाला आणि टेकडी उजव्या.

आप्पा म्हणत होते, बसलाय कसा बघा, ठाण्यात बसल्यागत. तेवढ्यात बिरूची आरोळी आली.

शब्द कळले नाहीत. नुसती आरोळी, आणि कोकरांचा एकच कल्लोळ. फौजदार उठला. मी पाहिलं, आप्पांनी पाहिलं, सासऱ्यांनी पाहिलं. त्याने ती गिरकी घेतली आणि तीरासारखा टेकडीकडे सुटला. दोघं म्हातारे उठले, काठ्या उचलल्या आणि त्याच्या मागे टेकडीच्या बाजूला धावले. सासरे धावता धावता ओरडत होते, "टेकाडाला! टेकाडाला!"

मी दोन पावलं ओढ्याकडे टाकली आणि थांबले.

ही दोन पावलं मी कुणाला सांगितलेली नाहीत, आज लिहिते आहे. मला ठाऊक होतं लांडगा कुठल्या बाजूला असणार. पण मी एकटी ओढ्याकडे धावले असते तर कुणीतरी विचारलं असतं, तुला कसं कळलं. म्हणून मी चुलीपाशी उभी राहिले, हातात चहाची किटली धरून, आणि माझा नवरा खाली एकटा दगड मारत होता.

तीन कोकरं मेली, चौथं लांडग्याने नेलं. बिरू वर आला तेव्हा त्याच्या घोंगडीच्या चिंध्या झाल्या होत्या आणि हाताला करंजीच्या फांद्यांचे ओरखडे होते. टेकडीवरून सासरे आणि आप्पा परत आले, धापा टाकत. त्यांना तिथे काहीच सापडलं नव्हतं. त्यांच्या मागून फौजदार आला, जीभ बाहेर, शेपूट खाली.

"कुनीकडनं आला?" सासऱ्यांनी विचारलं.

"वढ्यातनं."

"वढ्यातनं?"

"व्हय. झाडीतनं निघाला. म्या वरडलो, दगुड मारलं. फौजदार आलाच न्हाई."

सासरे फौजदाराकडे बघत राहिले, मग मुलाकडे. खडकाळ जागा, वर कोकरांच्या खुरांनी तुडवलेली, लांडग्याचा माग उमटायला जागाच नव्हती. सासरे म्हणाले, फौजदार टेकडीकडे गेला हे आम्ही तिघांनी डोळ्यांनी पाहिलं आहे. मग आप्पा पुढे झाले. रागाने नाही, समजुतीने बोलले, आणि तेच मला जास्त लागलं. ते म्हणाले, जावईबापू, ऊन लागतं, डोळा लागतो, माणूसच आहे. आमच्या घरातही असंच झालं होतं. आणि त्यांनी खंडूकाकाची गोष्ट सांगायला सुरुवात केली, पहिल्यापासून, ओढा आणि डोंगर आणि जमादार, जणू काही बाजारातल्या चार माणसांसमोर बसले आहेत.

"कुत्रं खोटं बोलत न्हाई," आप्पा म्हणाले.

बिरू कधी उलटून बोलणारा नव्हता. त्याने बापाकडे पाहिलं, आप्पांकडे पाहिलं. मग वाकून हातातली काठी बापाच्या पायाशी आडवी ठेवली.

मी ते एकदा पाहिलं होतं. सहा वर्षांची होते तेव्हा. त्या वेळी मला कळलं नव्हतं की काठी ठेवणारा माणूस परत येत नाही.

मी डोक्यावरचा पदर सावरला, बाजरीच्या पोत्यात कोपरापर्यंत हात घातला आणि कार्ड काढलं. सासऱ्यांसमोर मी तोवर मान वर करून बोलले नव्हते. मी म्हणाले, "मामा, फौजदाराला डाव्या कानानं ऐकू येत न्हाई. डॉक्टरबाईंनी त्याच दिशी सांगितलं हुतं. म्या लपवलं."

सासऱ्यांना वाचता येत नव्हतं, त्यांनी कार्ड उलटसुलट करून पाहिलं. पहिल्यांदा बोलले आप्पा. ते म्हणाले, नवऱ्यासाठी बापाची अब्रू घालवतेस होय गं. डॉक्टरणीला काय कळतं कुत्र्यातलं. तिच्या बापानं कधी मेंढरू राखलं होतं का?

"मग तुमीच बघा, आप्पा," मी म्हणाले. "तुमच्या हातानं."

मी बिरूला भाकरीचा तुकडा देऊन फौजदारासमोर बसवलं. पाठीमागे घोंगडं आडवं धरलं. एका कोकराच्या गळ्यातली घंटी सोडून आप्पांच्या हातात दिली. आप्पांनी पायातली पायताणं काढली, पावलांचा आवाज होऊ नये म्हणून. मला वाटतं तिथेच त्यांना भीती वाटली असावी, कारण ज्याची खात्री असते तो पायताणं काढत नाही.

त्यांनी डावीकडे घंटी वाजवली. फौजदार उजवीकडे वळला.

उजवीकडे वाजवली. उजवीकडे वळला.

आप्पा पुन्हा डावीकडे आले, अगदी जवळ. पुन्हा वाजवली. फौजदाराने उजवीकडे पाहिलं, तिथे कुणी नाही म्हणून गिरकी घेतली, घोंगड्याखालून डोकं काढलं आणि आप्पांना बघून शेपूट हलवली. ती पुकळ्याची फेरी. इतक्या जवळून आम्ही कुणी ती कधी पाहिली नव्हती. ते कुत्रं मोजत बिजत काही नव्हतं. गोंधळलेलं होतं बिचारं, जन्मभर.

मग मी मूठभर लोकर घेतली, त्याच्या उजव्या कानात हलकेच भरली आणि वर हात दाबला. आप्पांनी पांढऱ्या कानापाशी घंटी नेली आणि वाजवली. मग नुसतीच वाजवत राहिले. सासरे म्हणाले, "पाव्हणं, पुरं करा." तरी ते वाजवत होते. फौजदार बिरूच्या हातातल्या भाकरीकडे बघत होता.

सासऱ्यांनी मला विचारलं, किती दिवसांपासून माहीत आहे. मी म्हणाले, अकरा दिवस. आता काय ऐकावं लागणार म्हणून मी अंग चोरून उभी राहिले. ते मात्र खाली वाकले, बिरूची काठी उचलली आणि त्याच्या हातात दिली. माफी मागायची आमच्या लोकांत रीत नाही, बापाने मुलाची तर नाहीच. ते एवढंच म्हणाले, "जा, आत्याकडनं राणीला घिऊन ये. आन् जाताना त्या तीन वाड्यांस्नी सांग, फौजदाराची पिल्लं मिळायची न्हाईत म्हनून." बिरूने काठी घेतली. आणि गेला.

आप्पा तिथेच बसले होते, जमिनीवर, घोंगड्यावर नाही. फौजदाराचा पांढरा कान त्यांनी बोटांत धरला होता.

"जमादाराचा बी ह्योच कान हुता," ते म्हणाले.

मी त्यांच्यासमोर बसले. चहा कधीच उकळून आटला होता.

"खंडू वढाच म्हनत हुता. तीनदा म्हनला. लई कळवळून म्हनला." आणि मग, माझ्याकडे न बघता, "त्येचा पत्ता हाय का गं कुनाकडं?"

माझ्याकडे होता. चुलतीने माझ्या लग्नाला लपून लुगडं पाठवलं होतं, त्या पुडक्यावर तिने कुणाकडून तरी पत्ता लिहून घेतला होता. मी तो कागद ट्रंकेत जपून ठेवला होता, कशासाठी ते मला सांगता आलं नसतं. आप्पांनी कागद टोपीत ठेवला. न जेवता निघाले. मी म्हणाले, आप्पा, दसरा होऊ द्या. ते म्हणाले, चौदा दसरे झाले की. सडकेवरून त्यांनी मागे वळून पाहिलं आणि हाक न मारता नुसता हात वर केला. माझ्या पायापाशी बसलेला फौजदार, गिरकी न घेता, सरळ त्यांच्याकडे बघत होता.

राणी परत आली. फौजदार पुढे नऊ वर्षं तिच्या आणि मग तिच्या मुलीच्या जोडीने राबला, त्याने दोन लांडगे परतवले, आणि त्याचं एकही पिल्लू झालं नाही. आम्ही त्याला हाक मारणं सोडलं. हात दाखवायचो, तो सरळ यायचा. आता मी पशुसखी म्हणून वाड्यावाड्यांवर लसीची पेटी घेऊन हिंडते आणि पिल्लू दिसलं की आधी घोंगडं मागते. लोक हसतात. हसू देत. फेरी घेणारं कुत्रं अजून कुठे कुठे भेटतं, आणि अजून त्याचा मालक मला ऐटीत सांगतो, मेंढरं मोजतंय.

इचलकरंजीला काय झालं ते आप्पांनी मला पुष्कळ दिवसांनी सांगितलं. खंडूकाका गिरणीच्या फाटकावर पहाऱ्याला होता, खाकी कपडे, हातात दांडकं. केस पिकलेले. आप्पांनी वाटेत पाठ केलेलं सगळं एका दमात सांगून टाकलं, पांढरा कान, घंटी, घोंगडं, डॉक्टरबाई. म्हणाले, खंडू, कुत्रं बहिरं हुतं रे, मला म्हाईत न्हवतं. काका ऐकत राहिला. फाटकातून एक ट्रक आत गेला, त्याचा नंबर त्याने वहीत लिहून घेतला. मग म्हणाला,

"कुत्र्याला एका कानानं ऐकू येत न्हवतं दादा. तुला तर दोनी कानानं येत हुतं."

आप्पा फाटकाबाहेर दगडावर बसून राहिले. दोन वाजता काकाचा पहारा सुटला, तो आप्पांना घरी घेऊन गेला आणि चुलतीने दोघांना जेवायला वाढलं.